खिशातला ओवा

तीर्थरूप आईस समुद्रापलीकडून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण पोटभर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे? दादा दवाखान्यात नेतो, की नुसता "उद्या जाऊ" म्हणतो?

पक्षी पाहिलेस का, असं तू दर वेळी विचारतेस. अगं, आमच्या बोटीवरचे पाहुणे पक्षी वाचवायला निघालेत आणि मी त्यांचे बूट घासतोय. पक्ष्यांच्या बेटावर बाहेरची एक बीसुद्धा जाऊन रुजू नये म्हणून उतरण्याआधी सगळ्यांचे बूट घासायचे, खिसे झाडायचे, हेच माझं काम. पक्ष्यांसाठी डोळे पुसणारी ही माणसं बूट पुढे करताना माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

काल पहिल्यांदाच आम्हा नोकरांना उतरायची परवानगी मिळाली. मी सगळ्यांचे खिसे झाडले, शेवटी साहेबांनी माझा झाडला. तू पोटासाठी दिलेला ओवा भुरुभुरु सांडला. मी विसरलोच होतो. "दिव्याखालीच अंधार!" साहेब म्हणाले, सगळे हसले. मला बोटीवरच ठेवलं. बाकीचे नोकर परतल्यावर त्यांचेही बूट मीच घासले.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. पोट आता दुखत नाही, ओवा पुन्हा पाठवू नकोस. शेजारच्या काकूंनी विचारलं तर सांग, पक्षी फार सुंदर होते.

तुझा,
धाकटा