तिसऱ्या वाफ्यातला जवस

१७ जानेवारी, आष्टी
मिलिंद जाऊन अडीच महिने. आम्ही नवरा-बायको एकाच विभागात शिकवायचो. आज कॉलेजच्या बागेत गेले. त्यानं शिरूरकडच्या पडीक रानातून आणलेला जवस तिसऱ्या वाफ्यात फुललाय. निळाच, पण फिका. दुसऱ्या वाफ्यातला नेहमीचा, गडद. दुपारपर्यंत दोन्हींच्या पाकळ्या गळाल्या. पाटीवर त्याचं अक्षर : ‘रानजवस. जात वेगळी.’ वाचलं. काही वाटलं नाही.

२२ जाने.
विभागप्रमुख सर : "मॅडम, वेगळी कशावरून? पुरावा द्या, नाहीतर पाटी काढावी लागेल."
पानं मोजली, खोड मोजलं. जवळपास सारखंच. आता एकच खूण. रानातल्याची बोंडं वाळली की आपोआप फुटतात, शेतातल्याची मिटलेली राहतात. मिलिंद असता तर त्यानं दिवसातून तीनदा जाऊन बघितलं असतं. मी एकदा जाते.

२० फेब्रु.
बोंडं पिवळी पडली. आणखी आठेक दिवस.
रामाकाका माळी रोज विचारतात, "ताई, जेवल्या का?" हो म्हणते. चहा-बिस्कीट.

२६ फेब्रु.
दोन्ही वाफे मोकळे. काकांनी पहाटे दवात उपटला, एकत्रच झोडपला, पाखडूनसुद्धा ठेवला. "ऊन चढल्यावर उपटला तर बोंडं फुटून समदं बी मातीत जातंय, ताई. लई दिस हुबा हुता."
माझ्या शेतकरी बापानंही हेच केलं असतं. मीच सांगून ठेवलं नाही. राग यायला पाहिजे होता. "बरं," म्हणाले आणि तासाला गेले.

२८ फेब्रु.
काकांच्या बायकोनं डबा दिला. भाकरी आणि त्याच जवसाची चटणी. "तुमी वाळून चालल्या म्हून."
दोन भाकरी खाल्ल्या. मग मोरीत बसून रडले. तो गेला तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते.

४ मार्च
नवी पाटी. ‘जवस. जात अनिश्चित.’ लिहिलं. खाली ‘गोळा करणारा’. जात चुकली तरी ते नाव कुणी खोडत नाही.
सर : "नावाआधी कै. लावा."
म्हणलं, आमच्यात कालकथित लिहितात.
"मग तसं लिहा."
ब्रश धरून उभी राहिले. नुसतं मिलिंदचं नाव लिहिलं.
जाताना काकांना म्हणलं, तिसऱ्या वाफ्यात काही लावू नका, खुरपूही नका.
"कावून ताई? रिकामाच हाय की."
असू द्या, म्हणलं. थोडं तरी बी सांडलं असंल.