एका दिवशी एकच

१ नोव्हेंबर
आले एकदाची! दफनभूमीच्या फाटकाला लागून दोन खोल्या, पलीकडे छोटं चॅपेल. तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून पाय झिजवले. आता झाडलोट, फुलं, मेणबत्त्या. सुखाची नोकरी! फादरांनी मृतांच्या नावांची वही दिली. महिनाभर त्यातल्या नावांसाठी प्रार्थना करायची. पण एका दिवशी एकाच आत्म्यासाठी, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी म्हटलं, मग एवढी जाडजूड वही संपायची कधी? ते हसले नाहीत.

२ नोव्हेंबर
सर्व मृतात्म्यांचा दिवस. सकाळी मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, झाल्यावर फादरांनी कबरींवर पवित्र पाणी शिंपडलं. गर्दी ओसरल्यावर पाहिलं, तर मागच्या रांगेत एकही मेणबत्ती नाही. जीव कळवळला. वॉर्डात एका पेशंटला औषध देऊन बाकीच्यांना मी कधी ताटकळत ठेवलं नाही. चॅपेलमध्ये गुडघे टेकले आणि ओळीनं बारा नावं घेतली.

३ नोव्हेंबर
आज मात्र एकच नाव घेतलं. उठायला गेले, तर खांद्यावर हात पडला. वळून पाहिलं, कुणी नाही. हात तसाच, दाबून धरलेला. दुसरं नाव घेतल्यावर सैल झाला. वय झालं, दुसरं काय!

४ नोव्हेंबर
चाळीस नावं. सकाळी बसले ती दुपारी उठले. आता दोन्ही खांद्यांवर हात. फादरांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, बाई, तुम्ही सगळ्यांनाच आशा लावलीत. मी परगावाहून येईपर्यंत गुडघे टेकू नका. मी धाकट्या बहिणीला फोन करून सोबतीला बोलावून घेतलं.

५ नोव्हेंबर
चॅपेलकडे फिरकले नाही. स्वयंपाकघरात सांडलेलं पाणी पुसायला वाकले — गुडघे टेकले. ते हात उठूच देईनात. नावं पाठ नव्हती. तरी तोंडातून येताहेत —

६ नोव्हेंबर
अजून इथंच. ही डायरी नि पेन खिशात होतं, म्हणून लिहितेय. फोन टेबलावर, हात पोचत नाही. पाठीवर, मानेवर हात. गार नाहीत. तापलेल्या पेशंटचे असतात तसे.
फादरांना हाक मारली — तोंडातून वहीतलं नावच निघालं.

७ नोव्हेंबर
दारात धाकटी. ओरडले, पळ — नाव पडलं. आणखी एक. तिला वाटतंय, ताई प्रार्थनेत आहे.
अगं, नको —
‘पळ’ लिहून डायरी तिच्यापुढे धरली. तिनं डोळे मिटलेत. शेजारीच गुडघे टेकले.
माझ्या मानेवरचा हात उचलला गेला. मग पाठीवरचा. देवा, किती हलकं —
तिचे खांदे खाली दबले.
धाकटे, ऊठ — डोळे उघड — मी तुला —