शाबूत कुलूप

नाशिक रोड,
११ नोव्हेंबर २०२५

चि. रोहिणी,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या सासूबाईंच्या पायाचं प्लास्टर निघालं का, कळव. सिन्नरात थंडी पडली असेल.

आधी तक्रार. सोसायटीच्या ग्रुपवर तू लिहिलंस, 'कुलुप शाबूत, तरी घरफोडी.' कुलूप शब्दातला 'लू' दीर्घ असतो. संस्कृतच्या मास्तराची सख्खी बहीण सगळ्या बिल्डिंगसमोर तो ऱ्हस्व लिहिते, आणि एकालाही खटकत नाही. मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

तुझ्या त्या वाक्यावर इथं बराच काथ्याकूट झाला. काही फुटलंच नाही तर घरफोडी कसली, असं मी ठासून सांगत होतो. दुसऱ्या मजल्यावरचे संतोष वकील शांतपणे म्हणाले, "सर, व्याकरण राहू द्या. हरवलेली किल्ली कुणाला सापडली आणि त्याच किल्लीनं दार उघडून तो चोरी करायला आत शिरला, तर कायद्यात ती घरफोडीच." घरी येऊन भारतीय न्याय संहिता वाचली. तसंच आहे. पंचवीस वर्षं मी मुलांना संधिच्छेद शिकवतोय. चोरानं भिंतीला भोक पाडून आत शिरण्यालाही संस्कृतात हाच शब्द. हे सांगताना मी दरवर्षी हसतो.

रोहिणी, तुझी हरवलेली किल्ली दिवाळीत मला माझ्या स्कूटरच्या डिकीत सापडली.

आता सलग लिहितो, नाहीतर पुन्हा व्याकरणात शिरेन. सिन्नरहून परत आल्यावर तू आईचा मोबाइल उघडणार होतीस, तिचे फोटो काढून घ्यायला. त्यात माझा एक व्हॉइस मेसेज आहे, ती जाण्याच्या दोन दिवस आधीचा. "आई, मी वर्गात असतो. सारखा सारखा फोन करत जाऊ नकोस." तुझ्या कानावर तो पडू नये म्हणून भर सकाळी, शाळा बुडवून, मी तुझ्या इथल्या बंद फ्लॅटचं दार उघडलं. मोबाइलची बॅटरी संपलेली, चार्जर सापडेना. पुसून परत आणून ठेवू म्हणून खिशात घातला. घाईत कुलूप लावायचं राहिलं. शेजाऱ्यांनी तुला फोन केला, तू येऊन तक्रार दिलीस. मेसेज अजून तसाच आहे. पुसवत नाही.

झाडांना पाणी घालायला म्हणून दुसरी किल्ली लताबाईंकडे, तेव्हा संशय त्यांच्यावर. ठाण्यात दोनदा बोलावलं. दोन घरांनी त्यांचं काम बंद केलं. परवा त्या माझ्याकडे आल्या. "सर, तुमी शिकलेले. सायबाला दोन ओळी लिहून द्या ना, मी तशी नाय म्हणून."

मी लिहून दिल्या. शुद्धलेखनाची एकही चूक न करता. त्या पाया पडायला वाकल्या तेव्हा पाय मागे घेतले, तेवढंच.

उद्या ठाण्यात जाऊन सगळं सांगायचं ठरवलंय. कालही ठरवलं होतं. म्हणून आधी हे पत्र तुला. नोकरी जाईल, नाव जाईल, ही भीती आहेच. पण खरी काळजी वेगळी आहे. हे पत्र मी पेटीत टाकलं नाही, तर लताबाई चोर ठरतील आणि मी रोज वर्गात उभा राहून शिकवत राहीन. मला ते जमेल, असं वाटायला लागलंय.

अजून म्हणवलं तर,
तुझा दादा