साडेछत्तीसच्या वर

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठकूची उबेची पेटी आज आणखी अर्ध्या अंशानं थंड केली. आता एकोणतीस. रोज अर्धा अंश कमी, आणि मग एक दिवस पेटीची गरजच नाही – मोठ्या सिस्टर हे असं सांगतात, जसं काही अंगावरचा स्वेटर काढायचाय. ठकूचं वजन सोळाशे दहा ग्रॅम. जन्मली तेव्हा अकराशे. चाळीस दिवस झाले!

पेटीच्या गोल दारातून हात आत घातला की आतली हवा मऊ लागते. मनगटापर्यंत मी तिच्या देशात, बाकीची इकडे. बसून राहते. सकाळ कधी संपते, दुपार कधी होते, पत्ता नसतो. पडद्यावर तिच्या काळजाची हिरवी रेघ धावत असते. डोळे मिटले तरी मला ती दिसते. सिस्टर रोज म्हणतात, "छातीवर घे की गं तिला थोडा वेळ." मी नको म्हणते. अंगावरच्या तारा निघाल्या तर?

४ फेब्रुवारी, बुधवार

नवऱ्याचा फोन. "आमच्या ठकूबाई घरी कधी येणार?" खोली रंगवतोय म्हणे.

घरी हिरवी रेघ नसणार, हे त्याला कोण सांगणार! गेल्या महिन्यात दोनदा तिचा श्वास थांबला. दोन्ही वेळा मी शेजारी बसले होते. तिच्याकडेच बघत होते. आणि मला कळलं नाही! घंटा वाजली, सिस्टर धावल्या, तेव्हा कळलं. घरी घंटा नाही. घरी फक्त मी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ठकू आज उघड्या पाळण्यात! अंगात झबलं, डोक्यावर टोपी, वर दोन दुपटी – नुसतं नाक बाहेर. "चोवीस तास साडेछत्तीसच्या वर राहिली की पास," सिस्टर म्हणाल्या. "खाली गेली तर परत पेटीत."

मधे काहीच नव्हतं. इतके दिवस तिला प्लास्टिकच्या आडून बघायची सवय. केस कसे आहेत बघावं म्हणून टोपी काढली. मऊ, काळे, मानेवर थोडे कुरळे. बघतच राहिले. पाच मिनिटं, की पाऊण तास? कोण जाणे.

चारला तापमान मोजलं तर छत्तीस पूर्णांक एक. परत पेटीत. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. नापास झाली म्हणून रागवायचं नाही हं."

मी रडायला हवं होतं. मी जेवले. पोटभर. किती दिवसांनी!

८ फेब्रुवारी, रविवार

उद्या पुन्हा पाळणा. जेवण जात नाहीये.

९ फेब्रुवारी, सोमवार

लिहू की नको. लिहिते. इथे कोण वाचतंय!

आज टोपी मी मुद्दाम काढली. सिस्टर पलीकडच्या बाळाला दूध देत होत्या. मी दुपटी सोडली. मोजेही काढले. तिचे पाय आधी गुलाबी होते, मग फिकट झाले. मी बघत होते आणि वाटत होतं, हे हात दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत. ती रडलीसुद्धा नाही. माझ्यावर किती तो विश्वास! अर्ध्या तासानं सगळं पुन्हा नीट गुंडाळलं.

छत्तीस. परत पेटीत. राक्षसीण आहे मी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर सकाळी म्हणाले, "दोनदा अंग गार पडलं. संसर्ग असू शकतो. रक्त काढू, सलाईन लावू." तिची शीर सापडत नाही. मागच्या वेळी पाच ठिकाणी टोचलं होतं. सिस्टरांनी ट्रे आणला. सुई बघितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिला काही झालेलं नाही. मी केलं. मी उघडी ठेवली होती तिला."

डॉक्टरांनी तिला तपासलं, खूप वेळ. सुई ठेवून दिली. "संध्याकाळपर्यंत बघू," एवढंच सिस्टरांना म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सिस्टर स्टूल ओढून समोर बसल्या. "एकवीस वर्षांत तू चौथी. एकीनं तर खिडकी उघडली होती." मी मान वर केली. "हसू नकोस. मी भयंकर चिडलेय. गाऊनची बटणं काढ."

"सिस्टर, मला नाही जमणार."

"पेटी आता मिळायची नाही. आता पेटी तूच."

ठेवली माझ्या छातीवर. तारांसकट. काहीही निघालं नाही. एवढीशी, ओल्या कणकेच्या गोळ्यासारखी. तासाभरानं मोजलं – छत्तीस पूर्णांक नऊ! माझ्या अंगात एवढी ऊब होती? मला कुणी सांगितलं का नाही! सांगत होत्याच म्हणा, रोज. तिचा श्वास मला दिसत नव्हता, ऐकूही येत नव्हता. तो कातडीला लागत होता. मला ती खूप, खूप आवडते. हे मी चाळीसवर दिवसांत एकदाही लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. सलाईन नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पाळण्यात चोवीस तास. पास!!

नवऱ्याला सगळं सांगितलं. मग म्हणाला, "मला पण भीती वाटते गं. उगाच का एकच भिंत तिसऱ्यांदा रंगवतोय?"

१४ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर श्वास एकदाही अडला नाही, म्हणून आज तारा काढल्या. पाळणा माझ्या खोलीत, पलंगाला चिकटून. यंत्र नाही, रेघ नाही. सिस्टर दारातून म्हणाल्या, "लागलं तर हाक मार. आणि झोप जरा!" झोप कसली! मी पहाऱ्यावर.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी डोळा लागला – माझा! दचकून उठले. ती जागी होती. रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती, शांतपणे. किती वेळ, कोण जाणे.