पस्तीस फुटांखालची भेग

११ फेब्रुवारी १९९७, सातारा
सकाळी भूजल खात्याच्या ऑफिसात म्हसवडहून फोन. बिरा आबांच्या वाडीतल्या नव्या विहिरीत खोदकाम करणारा पोपट तळाशी बेशुद्ध पडला. दोराने वर काढला, सांगलीला नेलाय. जिवंत आहे. पाण्याची ती जागा मीच दाखवली होती, खडकातली लांब भेग बघून खूश होऊन. डबा तसाच परत आणला.

१२ फेब्रु., सांगली
पोपट कॉटवर बसून चहात खारी बुडवत होता. मला दारातच रडू फुटलं. त्याची बायको शेवंता उलट माझीच समजूत काढत होती. पोपट म्हणाला, "घुसमाटलं न्हाई बाई. लय गोड झोप आली, बास."
हे ऐकून जास्तच भीती वाटली. म्हणजे खाली उतरणाऱ्याला धोका कळतच नाही.

१४ फेब्रु., वाडी
कंदील दोराला बांधून विहिरीत सोडला. पस्तीस फुटांवर विझला. तीनदा. वाटीत चुन्याची निवळी सोडली, ती दुधासारखी होऊन वर आली. म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. सुरुंगाने भेग मोकळी झाली, आणि खालून कुठूनतरी...
आबा सरपंच. जन्म मेंढरांमागे गेला, आता शेती. म्हणाले, "पानी तर लागलंय. बुजवायची का ठेवायची, तेवढं सांगा."
बायका दोन मैलांवरून हंडे आणतात. आठ दिवस मागून घेतले.

२० फेब्रु.
सकाळी कंदील खोल जातो, दुपारनंतर लवकर विझतो. दाबमापकाशी ताडून पाहिलं. हवेचा दाब उतरला की भेगेतून वायू येतो, चढला की थांबतो. रोज तेच. खूप दिवसांनी शांत वाटलं. कारण सापडलं म्हणजे निम्मं काम.

२२ फेब्रु., सातारा
साहेब : "बुजवा म्हणून लिहा आणि मोकळ्या व्हा." सही केली नाही.
श्रीधरचं पत्र. कॉलेजातला सोबती, आता परदेशात. तिकडे हाच वायू समुद्रतळाखालच्या खडकात मुद्दाम कोंडायला लागलेत, हवेत मिसळायला नको म्हणून. विचारतो, आपल्या भेगाळ काळ्या दगडात टिकेल का? मत कळव.
अरे बाबा, मी एक विहीर सांभाळतेय!

३ मार्च
उफणणीच्या पंख्याला ताडपत्रीची नळी जोडून तासभर विहिरीत हवा सोडली. मग मी उतरले. कमरेला दोर, खाली पेटता कंदील. घरी सांगितलं नव्हतं. पाण्याच्या वर, कडेच्या खडकात भेग दोन बोटं रुंद, हात धरला तर गार झुळूक. लोखंडी पाइप आत बसवला, भोवती काळी माती ठासली, वरून सिमेंट. पाइपचं तोंड काठापासून लांब, उघड्या माळावर काढलं. वर आले तेव्हा आबांचे तळहात दोराने सोललेले. "सोडा आता," म्हटलं तरी सोडेनात.

११ मार्च
आठ दिवस. सकाळ, दुपार, संध्याकाळ. कंदील तळाशी जळतोय! निवळी तशीच नितळ. शेवंतानं पहिला हंडा शेंदला. आबा कट्ट्यावर बसले ते उठेनातच. "बरं झालं गड्या," इतकंच, कुणाला कोण जाणे. पोपट हसत म्हणाला, "आता खाली झोपलो तर उठवू नगा." शेवंतानं त्याला चापट मारली. मी पोटभर जेवले. भाकरी, ठेचा, त्याच विहिरीचं पाणी.

१८ मार्च, सातारा
अहवाल दिला. साहेबांना 'सुरक्षित' हवं होतं. मी लिहिलं, 'पाइप मोकळा असेतो, रोज तपासून वापरावी.' कुरकुरले, पण सही केली. श्रीधरला कळवलं : दगडाचं सांगता येत नाही, भेगेचं सांगता येतं, तेही तिच्याजवळ बसलं तर. रात्री नऊला झोपले ती थेट सात.

६ एप्रिल
आज नकाशावर ती भेग पूर्वेला ओढत गेले, सहज. माळ ओलांडून ती पलीकडच्या वस्तीवरच्या जुन्या विहिरीखालून जाते. तिथे माणसं वर्षानुवर्षं गाळ काढायला उतरतात, कुणाला काही झालेलं नाही. पण इकडे भेगेचं तोंड बांधल्यानंतर वायू तिकडून निघतो का, हे कुणी मोजलेलं नाही. मीही नाही.
वस्तीवर फोन नाही. उद्या पहिल्या बसने जाते.