सुट्टीला येताना आणायचे कपडे

हडपसर,
सोमवार, १६ जून

प्रिय दादा,

आधी फक्त काय घडलं ते लिहिते.

१. गुरुवार, २४ एप्रिल. तू मला फोन केलास. मुलं सुट्टीला लोणीला येताना कोणते कपडे आणायचे, ते मी वहिनींना लिहावं असं सांगितलंस.
२. शुक्रवार, २५ एप्रिल. मी यादी लिहिली. आधी तुला वाचायला पाठवली, मग वहिनींना.
३. शनिवार, ३ मे. मुलं आली. त्यांची बॅग मी उघडली.
४. सोमवार, ९ जून. मुलांचा ताबा मागणाऱ्या तुझ्या अर्जाची प्रत वहिनींना मिळाली. त्यात त्या बॅगेचे फोटो आहेत आणि माझ्या यादीतली दोन वाक्यं.
५. मंगळवार, १० जून. वहिनींनी मला एक मेसेज पाठवला आणि माझा नंबर ब्लॉक केला.

यातलं काहीही तू नाकारू शकणार नाहीस, म्हणून ते आधी लिहिलं. बाकीचं आता.

तुझा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. समोर एक प्रेशर गेज तपासायला लावलेला होता. तरी मी फोन घेतला, कारण तू कामाच्या वेळी कधी करत नाहीस. रोज रात्री आपण समोरासमोर बसून जेवायचो, तरी हे सांगायला तू फोन केलास. तेव्हा ते खटकलं नाही. तू म्हणालास, ‘तने, तेवढं तिला लिही की. मी सांगितलं तर टोचतं तिला. तू शिकलेली हायस, गोड लिहितीस.’ कारणही पटण्यासारखं होतं. दिवाळीत विशू नवाकोरा कुर्ता घालून विहिरीच्या मोटारीच्या पाटात बसला होता आणि तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही. आई तेव्हा म्हणाली होती, ‘खडकीची माणसं उसातपण लग्नाला आल्यासारखी येत्यात.’ ऋतिकाने ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. नऊ वर्षांची मुलगी निरोप चोख पोचवते. तुम्ही वेगळे झाल्यापासून दोन वर्षं तू आणि वहिनी वकिलांमार्फतच बोलता. मुलं खडकीला मामाच्या क्वार्टरमध्ये आईबरोबर राहणार आणि सुट्टीतले पंधरा दिवस आपल्याकडे येणार, एवढी एकच गोष्ट सुरळीत चालली होती. ती कपड्यांवरून बिघडू नये म्हणून मी हो म्हटलं.

ती यादी लिहायला मला दोन तास लागले. हसू नकोस. पहिल्या मसुद्यात ‘चांगले कपडे पाठवू नका’ असं होतं. वाचल्यावर वाटलं, हे कुणी मला लिहिलं असतं तर? मुलांना काय घालून पाठवायचं हे त्यांच्या आईला सांगणं म्हणजे तिच्या घरात डोकावून बघण्यासारखं आहे. म्हणून मी प्रत्येक ओळीत दोष आपल्या घराकडे घेतला. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, पांढरं पिवळं पडतं, तेव्हा गडद रंगाचे द्या. आमच्याकडे चिखलाला तोटा नाही, तेव्हा रोजचेच द्या, जुने, विटलेले असले तरी चालतील. संध्याकाळी डास फार, म्हणून लांब पायजमे. चपला जुन्या द्या, शेतात एक तरी हरवतेच. आणि शेवटी, एकेक ठेवणीतला कपडा मात्र असू द्या, आईला मुलांना देवळात न्यायचं आहे. वहिनी बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात दिवसभर उभ्या असतात. त्यांच्यावर मुलांसाठी खरेदीला धावायची वेळ येऊ नये, हाही विचार होता. तो लिहिला नाही. तुला पाठवताना विचारलं, कुठे बोचत तर नाही ना? तुझं उत्तर एका शब्दाचं होतं, ‘झकास’.

बॅग उघडली तेव्हा वरच दोन नवे कपडे होते. ऋतिकाचा पिवळा ड्रेस आणि विशूचा निळा शर्ट, इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळलेले. तू दारात उभा होतास. म्हणालास, ‘हे कपाटात टाक, न्हाईतर पहिल्याच दिवशी वाट लावतील.’ मी ते कपाटात ठेवले आणि चहा करायला आत गेले. मागून ऋतिकाचा आवाज आला, ‘बाबा, जुन्या कपड्यांचे फोटो कशाला काढताय?’ तू म्हणालास, ‘आठवण म्हणून गं.’ मी चहा गाळता गाळता हसले. हे मुद्दाम लिहिते आहे, की मी हसले.

देवळात जाणं पुढे पुढे ढकललं गेलं. ऋतिकाने दोनदा विचारलं, आत्या, पिवळा ड्रेस कधी घालायचा? वहिनींनी तिला बजावून पाठवलं होतं, बाबांना एकदा घालून दाखव म्हणून. दोन्ही वेळा मी तिला तुझंच वाक्य ऐकवलं, खराब होईल गं, नंतर. १८ मेला परत बॅग भरताना मी तो कपाटातून काढला, तेव्हा त्याची घडीही मोडलेली नव्हती. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि बॅगेच्या अगदी तळाशी ठेवला.

११ जूनला तुझ्या टेबलावरची अर्जाची प्रत मी वाचली. परिच्छेद नऊ. ‘मुलांना जीर्ण व अपुऱ्या कपड्यांत पाठविण्यात येते. सदर बाब मुलांच्या आत्यासही ज्ञात आहे.’ खाली माझी वाक्यं, ‘जुने, विटलेले असले तरी चालतील’ आणि ‘चपला जुन्या द्या’. चिखल गेला, हरवणारी चप्पल गेली, देऊळ गेलं. आमच्या लॅबमध्ये एखादं माप किती तापमानाला घेतलं ते कागदावर नसेल, तर तो कागद साहेब परत पाठवतात. तू तापमान खोडलंस आणि माप तेवढं ठेवलंस.

त्या रात्री जेवताना विचारलं, तर तू म्हणालास, ‘आगं, वकील सांगतो तसं लिवायचं असतं. तुझं नाव हाय का कुठं? आत्या म्हटलंय नुसतं.’ त्या मुलांना आत्या एकच आहे, दादा. आई म्हणाली, ‘पोरं घरी येत असली तर तुझं काय जातंय?’ तू तिला गप्प केलं नाहीस, भाकरी मोडत राहिलास. दुसऱ्या दिवशी मी अरिबाच्या खोलीवर राहायला आले. ती माझ्याच लॅबमध्ये आहे. तिने कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला.

मी तुझ्यावर इतका विश्वास का ठेवला, याचा गेले चार दिवस विचार करते आहे. बैठकीच्या खोलीतली काच मी फोडली होती आणि मार तू खाल्लास. मला पॉलिटेक्निकला घालायचं निघालं तेव्हा अण्णा म्हणाले होते, पोरीला मशिनी कशाला? तू म्हणालास, ‘मी नापास झालो, त्याचा राग तिच्यावर काढू नका.’ दोष आपल्याकडे घेऊन दुसऱ्याला सोडवायचं, हे मी घरात फक्त तुला करताना पाहिलं. ती यादी मी तशीच लिहिली होती.

वहिनींचा मेसेज असा होता. ‘तनुजाताई, तुम्ही लिहिलंत तसंच भरलं होतं. इतक्या प्रेमाने का लिहिलंत ते आज कळलं. यापुढे फोन करू नका.’ याला मी तीन उत्तरं लिहिली. एकही पोचत नाही. तू मला फसवलंस हे एक. पण तुला या कामासाठी माझा फटकळपणा चालला नसता, माझा चांगुलपणाच हवा होता. कुणी उर्मटपणे लिहिलं असतं, तर वहिनींनी मुद्दाम सगळे नवे कपडे भरले असते. त्यांनी माझं ऐकलं आणि त्या अडकल्या.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे कागदावर. शनिवारी तुझ्या जयसिंग वकिलांचा माणूस लॅबच्या गेटवर येऊन एक प्रतिज्ञापत्र देऊन गेला. माझं नाव, वय, हुद्दा, सगळं अचूक आहे. पुढे लिहिलं आहे की बॅगेत एकही धड कपडा नव्हता, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यावर मी सही करणार नाही. मी माझं निवेदन वेगळं लिहिलं आहे, एकच पान, त्याची प्रत सोबत जोडली आहे. यादी लिहायला कुणी सांगितलं, ती आधी कुणी वाचली, दोन कपडे कपाटात कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून ठेवले, एवढंच त्यात आहे. तुला मुलं हवी आहेत, हे खोटं नाही. विशू तुझं बोट धरल्याशिवाय झोपत नाही, हे मी कुणाही समोर सांगेन, बोलावलंस तर कोर्टातही. पण परिच्छेद नऊ आणि ते फोटो तू मागे घे. तू आपणहून घेतलेस तर उद्या मुलांना ते सांगता येईल. नाहीतर शुक्रवारी सकाळी मी हे पान घेऊन खडकीला जाईन आणि वहिनींनी दार उघडलं नाही, तर त्यांच्या भावाच्या हातात देईन. सुनावणी सोमवारी, २३ तारखेला आहे. मागे घेणार की नाही, ते मला गुरुवार, १९ जून, संध्याकाळी सहापर्यंत लेखी कळव.

तुझीच,
तनुजा