उकंडादादाचा अर्ज आणि माझे अक्षर

मारेगाव, ता. ९ ऑगस्ट १९६२

आदरणीय देवरावमामांस,

द्वारकेचा सविनय जयभीम. येथे सर्व कुशल. आईचा गुडघा कुरकुरतो, परंतु आईइतका नाही. मामींचा खोकला थांबला असावा, अशी आशा करते.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या शब्दावरून गिरणीच्या फुटबॉल संघात उकंडादादाची वर्णी लागली, तेव्हा आपण त्याचे नाव, वय आणि खेळण्याची जागा एवढे तीन ओळींत मागविले होते. (चेंडू खेळण्याचा पगार मिळतो हे ऐकून आई म्हणाली होती, "लाथा माराची नोकरी? मंग आपली म्हैस काहून नाही नेत? ते त याच्याहून बरी मारते!") गावात बांधाच्या भांडणापासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत सारे मीच लिहिते, म्हणून अर्जही माझ्याकडे आला. मी चार फुलस्केप लिहिले. दादा 'हाफ' खेळतो. पुढे गोल करणारे, मागे अडविणारे, आणि मध्ये सारा वेळ धावूनही ज्याचे नाव कोणी घेत नाही, तो हाफ. मला ते स्थान इतके जवळचे वाटले, की एक अख्खे पान त्यावरच खर्ची पडले.

पुढचे आपणास ठाऊक नसावे, कारण दादा लाजेने आपल्याकडे फिरकत नाही. गिरणीचे हेडक्लार्क पुंडलिकराव यांनी तो अर्ज वाचला आणि असे अक्षर मैदानात वाया जाऊ नये म्हणून दादाला पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसविले. सराव चारला सुरू होतो, टेबल साडेपाचला सुटते. सातवीला तीनदा बसलेल्या दादाने तोंड उघडले नाही. अर्ज दुसऱ्याचा निघाला तर संघही जाईल, ही भीती. तेव्हापासून गिरणीला आलेली पत्रे एस.टी.चे कंडक्टर रूपसिंगभाऊ माझ्याकडे आणतात आणि माझी उत्तरे परत नेतात. ("बाई, गिरणी नागपुरात हाय का तुमच्या ओसरीत?" असे त्यांनी भर स्टँडवर विचारले. मी पिशवीआड तोंड लपविले.) उत्तरास चार दिवस लागतात. पुंडलिकराव त्याला दादाचा विचारी स्वभाव म्हणतात.

मी वाईट लिहून पाहिले, मामा. एकदा मुद्दाम तीन चुका केल्या, आणि गाडी सुटेपर्यंत तिन्ही दुरुस्त केल्या. माझे प्रत्येक चांगले पत्र दादाला त्या खुर्चीस अधिक घट्ट बांधते हे कळत होते. तरी मला त्या पत्रांची गोडी लागली होती, हा माझा खरा अपराध. मागच्या शनिवारी तो घरी आला, पण अंगणातल्या चेंडूला त्याने पायसुद्धा लावला नाही. "पाय झोपून राह्यले माह्ये, द्वारके," एवढेच म्हणाला. रागावला असता तर बरे झाले असते.

येत्या १९ तारखेस, रविवारी, स्पर्धेसाठी अकरा जण निवडणार आहेत. त्याआधी आपण पुंडलिकरावांस सारे खरे सांगावे, ही हात जोडून विनंती.

आपली अपराधी भाची,
द्वारका

ता. क. पुंडलिकरावांसाठी कबुलीचे पत्र सोबत जोडले आहे. अगदी साधे लिहावयाचे ठरविले होते. परंतु पुन्हा वाचता ते बरेच चांगले उतरले असून, दादाला बढती मिळेल अशी धास्ती वाटते. तरी ते देऊ नये. तोंडीच सांगावे.

आणखी एक. दादा उठला की ते टेबल रिकामे होईल. तेथे मुलीस बसू देतात काय, एवढे सहज विचारून यावे. अक्षराचा नमुना मागितलाच, तर मात्र सोबतचे पत्र खुशाल द्यावे.